ऑनलाइन कॅसिनोंची दलाली-प्रारूपे : एक चिकित्सा

ऑनलाइन कॅसिनोकडे खेळाडू वळविणाऱ्या मध्यस्थास 'अॅफिलिएट' म्हणतात. त्याच्या दलालीची दोन प्रमुख प्रारूपे आढळतात. महसूल-वाटा प्रारूपात खेळाडूच्या निव्वळ हानीचा ठरावीक हिस्सा त्यास मिळतो. समजा, हिस्सा ३० टक्के व हानी १,००० पौंड असेल, तर दलाली ३०० पौंड होते. खेळाडू जिंकल्यास दलालीचे खाते ऋण होते व काही करारांनुसार ती बाकी पुढील महिन्यात ओढली जाते. म्हणजेच खेळाडूने हरत राहावे, यातच मध्यस्थाचे हित असते. दुसऱ्या प्रारूपात खेळाडूच्या पहिल्या भरण्यानंतर एकरकमी मोबदला मिळतो. ते निर्दोष भासते. तथापि त्या खेळाडूचे पुढे काय होते, याच्याशी मध्यस्थास कर्तव्य उरत नाही. संमिश्र प्रारूपात या दोषांचे केवळ प्रमाण बदलते.

ब्रिटनमध्ये कर्जबाजारी मनुष्य जुगाराने सावरल्याची बातमीवजा जाहिरात मध्यस्थांमार्फत प्रसृत झाली होती. २०१७ साली तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने ती आक्षेपार्ह ठरवून संबंधित कंपन्यांनाच जबाबदार धरले. त्याच वर्षी स्काय बेटिंग अँड गेमिंगने आपली मध्यस्थ-योजना बंद केली. सारांश, प्रारूपांची तुलना केवळ किफायतीच्या निकषावर करणे अपुरे आहे. दलाली कोणाच्या हानीतून येते व तिचे उत्तरदायित्व कोणाकडे राहते, हाच खरा निकष होय.