‘जेव्हा मी जात चोरली होती’ : प्रश्न, प्रतिप्रश्न आणि मुसावाद

बोलणे ही केवळ माहिती नसून कृती असते, हा इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचा विचार १९६२ साली ग्रंथरूप झाला. पुढच्याच वर्षी, नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील संवाद या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

परगावी नोकरीस आलेल्या नायकाला खोली हवी असते. त्याला जात विचारली जाते. व्याकरणाने हा प्रश्न, कृतीने ती नाकेबंदी. कारण उत्तरावर निवारा ठरतो. नायक खोटी जात सांगत नाही. तो संतापून प्रतिप्रश्न करतो, स्वतःला मुंबईकर म्हणवितो. त्याचे सवर्णत्व ऐकणारेच गृहीत धरतात.

मग हा मुसावाद ठरतो काय? शब्द खोटा नाही, एवढ्यावरून नायकाला निर्दोष ठरविणे आम्हांस मान्य नाही. पाली अट्ठकथांनी फसविण्याचे चित्त हे मुसावादाचे एक अंग मानले आहे. बागुलांनीही ‘चोरली’ हेच क्रियापद योजिले.

परंतु विचार येथेच थांबत नाही. सुत्तनिपातात सुन्दरिक भारद्वाज ब्राह्मण जात विचारतो, तेव्हा भगवंत जन्माऐवजी आचरण विचारण्यास सांगतात. म्हणजे प्रश्नच अमान्य करतात. कथेत उघडपणे वावरण्याचे बळ काशिनाथजवळ आहे. पण त्याला चाकू बाळगावा लागतो. सत्य बोलण्यास जेथे शस्त्र लागते, तेथे शीलभंगाचा पहिला जाब प्रश्नकर्त्यालाच विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.