पसायदानातला क्रम

पसायदान पाठ असणं आणि पसायदान वाचलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या परिपाठात, कीर्तनाच्या शेवटी, लता मंगेशकरांच्या आवाजात ते इतक्यांदा कानावरून गेलंय की त्या नऊ ओव्या कधी सुरू होतात नि कधी संपतात हे कळतही नाही. त्यातली एक मागणी मात्र सुटी होऊन फिरते : ज्याला जे हवं ते त्याला मिळो. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये, पत्रिकांवर, स्टेटसला. ही मागणी मूळ प्रार्थनेत नेमकी कुठे येते हे पाहिलं, तर मात्र ती नुसती शुभेच्छा उरत नाही.

ती तिसऱ्या ओवीच्या शेवटी येते. त्याआधी ज्ञानदेव काय मागतात? दुष्टांचा वाकडेपणा जावो. दुष्ट जावोत, असं नाही, वाकडेपणा जावो. त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो. जिवांची एकमेकांशी मैत्री होवो. पापाचा अंधार सरो. जगाला स्वधर्माचा सूर्य दिसो. आणि एवढं झाल्यावर, ज्याला जे हवं ते मिळो.

आता क्रम उलटा करून बघा. वाकडेपणा तसाच ठेवून प्रत्येकाला हवं ते मिळालं तर? ती प्रार्थना राहत नाही, धमकी होते. नवसात आपण आपली इच्छा आहे तशी देवापुढे ठेवतो आणि पुरी कर म्हणतो. पसायदान आधी इच्छेचीच दुरुस्ती मागतं, मग पूर्तता.

दुसरी गोष्ट जागेची. पसायदान हे सुटं स्तोत्र नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सुमारे नऊ हजार ओव्यांनंतर, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस हे मागणं येतं. ज्ञानदेव आपल्या ग्रंथाला वाग्यज्ञ म्हणतात, शब्दांचा यज्ञ. म्हणजे आधी काम झालंय, हात नंतर पुढे आलाय. आणि त्या हातात स्वतःसाठी काही नकोय. परंपरा सांगते, तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली भावंडं. गाऱ्हाण्याला भरपूर जागा होती. नऊ ओव्यांत गाऱ्हाण्याचा एक शब्द नाही. शेवटच्या ओवीत देवाचा होकारही येतो आणि मागणारा सुखी होऊन थांबतो.

इथपर्यंत पसायदानावर प्रेम करणं सोपं आहे. अडचण येते ती 'स्वधर्म' या शब्दाशी. आज आपण त्याचा अर्थ 'आपापलं कर्तव्य' असा करतो आणि पुढे जातो. पण ज्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ही प्रार्थना आहे, त्याच अध्यायात गीतेतल्या चार वर्णांच्या कर्मांचं विवरण आहे. तेराव्या शतकातल्या श्रोत्याला स्वधर्म म्हटल्यावर वर्ण आठवला नसेल, असं मानणं भाबडेपणाचं आहे. आणि गंमत अशी की 'ज्याला जे हवं ते' या मागणीच्या बरोबर आधी हाच शब्द उभा आहे. प्रार्थनेचा सगळा क्रम त्याच्यावर तोललाय.

हा शब्द पंढरपूरच्या महाद्वारात नेऊन ठेवला की त्याचं वजन कळतं. चोखामेळा महार होते म्हणून त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, बाहेरच आहे. त्यांनी विठ्ठलाकडे जे मागितलं ते उंबऱ्याच्या अलीकडून. त्यांच्या अभंगांत प्रेम आहे, तसा जाबही आहे : मला असं का जन्माला घातलंस? पसायदानात नसलेलं गाऱ्हाणं इथे आहे. ते असणं म्हणजे प्रार्थनेत उणेपणा नाही. दार बंद असलेल्या माणसाची प्रार्थना अशीच असणार.

ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं. साने गुरुजींनी त्या वर्षी मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि विठ्ठलमंदिर दलितांसाठी खुलं झालं. प्रेमालाच धर्म म्हणणारी त्यांची प्रार्थना आपण शाळेत म्हटली आहे. ती लिहिणारा माणूस नुसतं लिहून थांबला नाही, हे तिच्याबरोबर कुणी सांगत नाही.

मग पसायदान म्हणणं सोडायचं का? नाही. पण त्याला चादरीसारखं सगळ्यावर पांघरणंही सोडायला हवं. वाकडेपणा जावो असं मागणारी ही प्रार्थना आहे. तिच्यातल्या एका शब्दात तिच्या काळाचा वाकडेपणा अडकला असेल, तर तो दाखवणं हा तिचा अपमान नाही. तिने घालून दिलेला क्रमच आपण पाळतोय : आधी दुरुस्ती, मग मागणं.