निरसित कायद्यातील दिशा

कालबाह्य कायद्याचे निरसन म्हणजे निर्जीव मजकुराची विल्हेवाट, असा सर्वसाधारण समज आहे. सागरी दाव्यांविषयीच्या २०१७ च्या भारतीय अधिनियमाने १८४०, १८६१, १८९० व १८९१ हे चार व्हिक्टोरियाकालीन अधिनियम रद्द केले. त्यांच्या बाबतीत हा समज कितपत टिकतो, हे पाहावयाचे आहे.

१८६१ च्या अधिनियमाने मालाच्या नुकसानीबद्दल जहाजाविरुद्ध दावा चालविण्याची अधिकारिता इंग्लंडमधील न्यायालयास दिली. मात्र तो माल इंग्लंड वा वेल्सच्या बंदरात आणलेला असावा लागे. मूळ इंग्रजी क्रियापद दिशेबाबत तटस्थ आहे. दिशेचा सारा भार ‘इंटू’ या लहानशा शब्दावर पडतो. मराठीत ‘आणणे’ व ‘नेणे’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि ती करताच वक्ता कोठे उभा आहे हे उघड होते. येथे तो इंग्लंडच्या धक्क्यावर उभा आहे. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि त्या काळात खानदेशचा कापूस मुंबईमार्गे त्याच धक्क्याकडे जात होता, हे आपण विसरू नये.

पुढे १८९० च्या अधिनियमाने असे ठरविले की, वसाहतीतील न्यायालयांनी हे कायदे वाचताना ‘इंग्लंड व वेल्स’ यांच्या जागी त्या प्रदेशाचे नाव घालावे. विशेषनाम बदलले, दिशा बदलली नाही. परिणामी मुंबईस येणारा माल कायद्याच्या कक्षेत आला आणि मुंबईहून जाणारा बाहेर राहिला. इंग्लंडने १९२० मध्ये स्वतःपुरती ही मर्यादा दूर केली. भारतात १९६० मध्ये अनेक ब्रिटिश अधिनियमांचे निरसन झाले, तरी हे तसेच राहिले.

याची किंमत गोव्यातील एका निर्यातदार कंपनीस मोजावी लागण्याची वेळ आली. १९८४ मध्ये ‘एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज तिचा माल घेऊन मुरगावहून निघाले. खरेदीदाराने पैसे दिले नसल्याने माल त्याच्या हवाली करू नये, अशी सूचना असूनही तो दिला गेला. पुढे विशाखापट्टणम येथे जहाज अटकविण्यात आले, तेव्हा माल ‘बाहेर नेलेला’ होता, ‘आत आणलेला’ नव्हता, असा आक्षेप निघाला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. उच्च न्यायालयांची अधिकारिता १८६१ च्या चौकटीत गोठलेली नाही, असा निर्णय दिला.

यानंतर निरसनास २५ वर्षे लागली. नव्या अधिनियमात मालाच्या दाव्यास दिशेची अट नाही, ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु निरसनाचे कलम केवळ नावे व वर्षे नोंदविते. दोष कोणत्या शब्दात होता, हे त्यातून कळत नाही. १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग अधिनियमाची जागाही २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली आहे. अभ्यासकाने असे जुने व नवे पाठ शेजारी ठेवून वाचावेत. कायदा मृत झाला असे म्हणण्यापूर्वी त्यातील कोणता शब्द अखेरपर्यंत जिवंत होता, हे तपासणे अगत्याचे आहे.