‘प्रेस’ शब्दाचा वऱ्हाडी अर्थ

‘प्रेस’ म्हणताच पुण्यामुंबईच्या वाचकापुढे मुद्रणालय अथवा वृत्तपत्रसृष्टी उभी राहते. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याचा ‘प्रेस’ निराळा. जिनिंगमध्ये सरकी निघाल्यावर उरलेली रुई दाबून जेथे गठाणी बांधतात, तो कारखाना म्हणजे प्रेस. आजची प्रमाण गठाण १७० किलोची. आकार घटल्यावाचून रुई आगगाडीने व जहाजाने दूर धाडणे परवडत नसे; म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेपाठोपाठ हे कारखाने वऱ्हाडात आले, आणि त्यांच्यासवे हा शब्दही. ‘रुई प्रेसला गेली’ हे वाक्य ‘मुद्रणालय’ या एकाच पर्यायाने लावू पाहणाऱ्याची फजितीच व्हावयाची!

तथापि हा अर्थ प्रांतिक म्हणून कोशाच्या परिशिष्टात ढकलणे अन्यायाचे होईल. लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ ‘दाबणे’ असाच आहे. युरोपात द्राक्षे पिळण्याचे मळसूत्री यंत्र आधीचे. पंधराव्या शतकातील गुटेनबर्गचे मुद्रणयंत्र त्याच घडणीचे. म्हणजे छपाईचा अर्थ मागाहून आलेला, आणि वऱ्हाडचा अर्थ मुळाशी अधिक जवळचा. कपडे ‘प्रेस करणे’ हा विदर्भातील प्रयोगही याच कुळातला. अन्यत्र ती जागा पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘इस्त्री’ने आधीच अडविली होती.