चिलटाचा मेंदू आणि शोधनिबंधांची मोजणी

शास्त्रज्ञांचा परिचय करून देताना एक वाक्य हमखास येते : ‘यांचे अमुक इतके शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आहेत.’ जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही महाविद्यालयातले विज्ञान मंडळाचे उद्घाटन घ्या. पाहुण्यांच्या परिचयात हा आकडा असतोच आणि त्यावर टाळ्याही पडतात. त्या निबंधांत काय म्हटले आहे हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. समोर बसलेल्या विद्यार्थ्याची मात्र समजूत होते, की संशोधन म्हणजे निबंधांची संख्या वाढवणे. ही समजूत कितपत खरी आहे, हे आम्ही एका शास्त्रज्ञाच्या कामावरून तपासून पाहणार आहोत.

हे शास्त्रज्ञ म्हणजे ओबैद सिद्दिकी (१९३२–२०१३). जन्म उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा, पण त्यांच्या कामाचा मोठा भाग मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली त्यांनी तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. आरंभी त्यांचे काम जीवाणूंच्या आनुवंशिकतेवर होते. चाळिशीच्या सुमारास त्यांनी तो विषय बाजूला ठेवला आणि चेतासंस्थेकडे मोर्चा वळवला. प्रयोगासाठी निवडला ड्रोसोफिला, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारे आपले चिलट.

विषय बदलला की काही वर्षे निबंध थंडावतात. केवळ आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या आजच्या एखाद्या समितीला ही वर्षे ‘वाया गेलेली’ वाटतील. त्या वर्षांतून काय निघाले ते आता पाहू.

डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात १९७१ साली एक विलक्षण चिलट शोधले होते. तापमान २९ अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की ते लुळे होऊन पडे. थंड केले, की उठून चालू लागे. एका जनुकातला बदल एवढा चमत्कार करत होता. अशी आणखीही उत्परिवर्ती चिलटे सापडली. पण ‘लुळे पडते’ हे झाले वर्णन. चेतासंस्थेत नेमके काय अडते? घरातला दिवा लागला नाही तर दोष बल्बमध्ये आहे, तारेत आहे की बटणात, हे शोधावे लागते, तसाच हा प्रश्न होता. सिद्दिकी आणि कॅलिफोर्नियातले सीमोर बेन्झर यांनी चिलटांच्या उडण्याच्या स्नायूंतले विद्युत संदेश नोंदवून तो सोडवायला घेतला. त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. वर्तन, जनुक आणि चेतापेशीतली विद्युत क्रिया यांना त्याने एका धाग्यात ओवले. हे तिन्ही प्रांत तोवर बरेचसे वेगवेगळ्या लोकांकडे होते.

त्या निबंधातल्या तीन जनुकांचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ‘पॅरालिटिक’ हे जनुक १९८९ साली ओळखले गेले. चेतापेशीच्या पटलात सोडियम आयनांना आत सोडणारे जे दार असते, त्याचे प्रथिन या जनुकावरून बनते. ‘शिबिरे’ हे डायनामिन या प्रथिनाचे जनुक निघाले. चेतासंधीत रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पुटिका रिकाम्या झाल्या, की त्या पटलातून खुडून परत घ्यायला हे प्रथिन लागते. ‘कोमाटोज’ हे पुटिकांच्या वाहतुकीतल्या एनएसएफ या प्रथिनाचे जनुक ठरले. याच वाहतुकीच्या संशोधनाला २०१३ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. चिलटाला ऊन दाखवून सुरू झालेला शोध अशा रीतीने चेतासंदेशांच्या मुळाशी पोचला.

दुसरा निबंध आम्हांला अधिक जवळचा वाटतो. तो १९७८ सालचा. लेखक दोन : व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात वाढलेल्या. सिद्दिकींच्या हाताखाली पीएच.डी. करायला त्या मुंबईस आल्या होत्या. जालन्याच्या शिक्षकांना हा विषय समजावून सांगायची गरज नाही. मोसंबीच्या हंगामात गळून सडलेल्या फळांवर चिलटांचा थवा कसा जमतो, हे येथे सगळ्यांनी पाहिले आहे. (शेतकरी जिला फळमाशी म्हणतात आणि गंधाचे सापळे लावून पकडतात, ती माशी वेगळी. पण वासाने ओढली जाण्याचे तत्त्व तेच.) चिलटाला हा वास कळतो कसा? रॉड्रिग्ज आणि सिद्दिकींनी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत चिलटे सोडली. एका फाट्यात गंध, दुसऱ्यात नाही. जी चिलटे गंध असूनही चुकीच्या फाट्यात जात, त्यांच्यापासून त्यांनी गंध न ओळखणारे वाण तयार केले. चवीसाठीही असेच केले. गंध आणि चव या संवेदना जनुकांच्या साह्याने उलगडता येतील, हा रस्ता या निबंधाने दाखवला.

हा निबंध छापला कुठे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये. नियतकालिकाच्या नावावरून गुण देण्याच्या पद्धतीत असल्या निबंधाला फारसे गुण मिळत नाहीत. तरीही कीटकांच्या गंधज्ञानावर पुढे काम करणाऱ्यांना तो टाळता आला नाही.

रॉड्रिग्ज यांनी पुढे प्रश्न मेंदूत नेला. किरणोत्सारी खूण लावलेली साखर चिलटाला देऊन, गंधामुळे मेंदूच्या गंधखंडातला कोणता भाग जागा होतो हे त्यांनी पाहिले. निरनिराळ्या गंधांनी निरनिराळे भाग जागे होतात, म्हणजे मेंदूत गंधाचा एक नकाशा असतो, हे त्यांनी १९८८ साली मांडले. चवीच्या एका जनुकाला त्यांनी ‘माल्व्होलिओ’ हे शेक्सपिअरच्या नाटकातल्या पात्राचे नाव दिले. ते जनुक उंदरात जंतुसंसर्गाला प्रतिकार करणाऱ्या जनुकाचे भावंड निघाले (१९९५). चवीच्या शोधातून रोगप्रतिकाराचा धागा हाती येईल, हे कोणत्या समितीने आधी सांगितले असते?

आता मोजमापांकडे वळू. १९६४ साली युजीन गारफिल्ड यांनी निबंधांच्या संदर्भांची सूची काढली. मूळ हेतू होता शोध घेण्याची सोय. तिचा उपयोग पुढे प्रतवारीसाठी होऊ लागला. २००५ साली जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. एखाद्याच्या किमान १० निबंधांना प्रत्येकी किमान १० संदर्भ मिळाले असतील, तर निर्देशांक १०. वर्गात हे गणित जरूर करून घ्या. एका शास्त्रज्ञाचे ५ निबंध, प्रत्येकाला १००० संदर्भ : निर्देशांक ५. दुसऱ्याचे २० निबंध, प्रत्येकाला २० संदर्भ : निर्देशांक २०. विषय कोणाच्या कामामुळे बदलला, हे या आकड्यात दिसत नाही.

संदर्भांची संख्याही फसवी असते. ‘नेचर’ने २०१४ साली सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांची यादी केली. पहिला क्रमांक होता प्रथिन मोजण्याच्या एका पद्धतीचा (लॉरी, १९५१), ३ लाखांहून अधिक संदर्भांचा. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध पहिल्या १०० मध्येही नव्हता. जे ज्ञान पाठ्यपुस्तकात जाते, त्याचा मूळ निबंध कोणी उद्धृत करत नाही. ‘शिबिरे’चेही तसेच. २००१ पासून चेतावैज्ञानिक त्याचा वापर बटणासारखा करतात : तापमान वाढवून हव्या त्या चेतापेशी तात्पुरत्या गप्प करायच्या. ते संदर्भ देतात २००१ च्या पद्धतीचा, १९७६ च्या निबंधाचा क्वचितच.

याचा अर्थ सिद्दिकींच्या परंपरेत उणे काही नाही, असा कोणी घेऊ नये. वर्तनावरून उत्परिवर्ती शोधायचे आणि मग जनुकापर्यंत पोचायचे, ही वाट फार लांबची ठरली. गंधाच्या एका जनुकाचे रेणवीय रूप गैती हसन यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. पण चिलटाचे गंधग्राही रेणू १९९९ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना सापडले, तेही जनुकसंचाची माहिती चाळून. वर्तनाच्या वाटेने ते हाती आले नाहीत. प्रश्न मुंबईत योग्य वेळी विचारला गेला, पण हे उत्तर दुसरीकडे मिळाले. हा कमीपणा नोंदवलाच पाहिजे. तो दिसतो निबंध वाचून, आकडा पाहून नव्हे. त्याचप्रमाणे दुसरी जमेची बाजूही आकड्यात येत नाही : सिद्दिकींच्या भोवती तयार झालेली माणसे, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी उभे केलेले बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र.

हा प्रश्न केवळ थोरामोठ्यांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले, त्यात निबंधांना गुण होते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यांना आळा घालायला २०१८ साली आयोगाने मान्य नियतकालिकांची नवी व्यवस्था आणली, आणि २०२५ साली ती यादीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. यादी गेली तरी मोजणीची सवय गेलेली नाही. तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेत धड सूक्ष्मदर्शक नसताना वर्षाला दोन निबंध मागितले, तर शिक्षक निबंध देईल, संशोधन कुठून देणार? त्याच्याकडे पाहत विद्यार्थी हाच धडा गिरवेल.

म्हणून शिक्षकांना एक सुचवतो. अकादमीचा १९७८ चा निबंध तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. बारावीच्या किंवा पदवीच्या मुलांबरोबर तो वाचा. मग वाय आकाराची काचनळी घ्या, एका टोकाला सडलेल्या मोसंबीची फोड, दुसऱ्याला ओला कापूस ठेवा, ३० चिलटे सोडा आणि मोजा. नंतर टोके अदलाबदल करून पुन्हा मोजा, नाहीतर चिलटे वासाकडे गेली की उजेडाकडे, हे कळणार नाही. ही अदलाबदल का करायची, हे ज्या मुलाला समजले, त्याला शोधनिबंध कसा वाचावा हे कळू लागले आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांचा आकडा ऐकल्यावर तो हात वर करून विचारेल : ‘सर, त्यांतल्या एका निबंधात तुम्ही काय शोधले, ते सांगाल का?’