‘देवानेच पाठवलं’ हे कोणी म्हणायचं? योसेफची कथा, मराठवाड्यातून वाचताना

आजचा विषय आहे यहुदी धर्मग्रंथातला दैवी संकल्प आणि माणसाची निवड. नाव जड वाटतं, पण प्रश्न आपल्या घरातला आहे. म्हणून सुरुवात घरापासूनच करू.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. नुकतंच गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. त्यानंतर या भागात एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलं: ‘देवाच्या मनातच तसं होतं.’ ज्यांचं सगळं गेलं, त्या म्हाताऱ्या बाया हे म्हणायच्या. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, ते पाहुणेही हेच म्हणायचे. शब्द तेच. पण वाक्य एकच होतं का? आम्हाला वाटतं, नव्हतं. आणि हा फरक ज्या कथेने फार नेमका दाखवला आहे, ती उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफची कथा आज वाचायची आहे.

ही कथा मराठीला परकी नाही बरं का. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत त्या आपल्या मराठी यहुदी मंडळींनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्क आपली कीर्तनाची पद्धत उचलली आणि बायबलमधल्या कथा मराठीत उभ्या केल्या. तेव्हा नांदेडला बसून आपण योसेफविषयी बोलतोय यात नवल काही नाही.

कथा थोडक्यात. याकोबाला बारा मुलगे. त्यातला योसेफ लाडका. सतरा वर्षांचा असताना भाऊ त्याला कोरड्या विहिरीत टाकतात आणि मग 20 रुप्याच्या नाण्यांना विकतात. तो मिसर देशात गुलाम होतो, खोट्या आळामुळे तुरुंगात जातो. तिथून फारो राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून तिसाव्या वर्षी राज्याचा कारभारी होतो. पुढे दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येतात. शेवटी तो ओळख देतो आणि सांगतो की मला इकडे तुम्ही नाही, देवाने पाठवलं, सगळ्यांचे जीव वाचावेत म्हणून.

प्रवचनांत ही कथा बहुधा इथेच संपते. तात्पर्य काय, तर सगळं आधीच ठरलेलं होतं, झालं ते भल्यासाठीच. आमचा या वाचनावरच आक्षेप आहे. कारण मूळ कथा इतकं सोपं काही सांगत नाही.

पहिली गोष्ट बघा. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी देव बोलतो. योसेफच्या कथेत तो याकोबाशी एकदा बोलतो, पण योसेफशी एकदाही थेट बोलत नाही. निवेदक मधूनमधून सांगतो की परमेश्वर त्याच्याबरोबर होता, पण आज्ञा नाही, आकाशवाणी नाही. भावांना शोधत योसेफ रानात भटकतो तेव्हा त्याला वाट दाखवणारा भेटतो, तो नुसता ‘एक माणूस’. रशीसारख्या मध्ययुगीन भाष्यकारांनी त्याला देवदूत ठरवलं. मूळ मजकूर मात्र ‘माणूस’ म्हणतो आणि गप्प बसतो. म्हणजे दैवी योजना असेलही, पण ज्यांच्या हातून ती घडते त्यांना ती दिसत नाही. त्यांना दिसतो फक्त पुढचा निर्णय.

दुसरी गोष्ट क्रमाची. आमच्या मते सगळ्या कथेची किल्ली इथे आहे. ‘देवाने पाठवलं’ हे वाक्य पंचेचाळिसाव्या अध्यायात येतं. त्याच्या आधीच्या, चव्वेचाळिसाव्या अध्यायात काय होतं? योसेफ धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवतो, त्याला चोर ठरवतो आणि म्हणतो, हा गुलाम म्हणून इथे राहील, बाकीचे घरी जा. म्हणजे जुनाच प्रसंग पुन्हा मांडला. तेव्हा यहूदा पुढे येतो आणि म्हणतो, याच्या जागी मला ठेवा, पोराला बापाकडे जाऊ द्या. आता हा यहूदा कोण? योसेफला विकून टाकू अशी कल्पना ज्याने काढली, तोच. तीच परिस्थिती, तोच माणूस, निवड मात्र वेगळी. हे झाल्यावरच योसेफला रडू आवरत नाही आणि तो देवाचं नाव घेतो.

क्रम उलटा असता तर? भाऊ आल्याबरोबर योसेफ म्हणाला असता, ‘जाऊ द्या, देवाचीच इच्छा होती’, तर यहूदाला बदलायची संधीच मिळाली नसती. आणि हेच वाक्य भावांनी म्हटलं असतं तर? ‘अरे, आम्ही कुठे विकलं, देवानेच पाठवलं तुला!’ किती ओंगळ वाटतं, नाही का? पुढे बाप वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात. तेव्हाही योसेफ त्यांचा गुन्हा पुसत नाही. तुम्ही माझं वाईटच चिंतलं होतं, हे तो स्पष्ट बोलतो आणि मगच सांगतो की देवाने त्यातून चांगलं साधलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि एकीने दुसरी रद्द होत नाही.

तिसरी गोष्ट स्वप्नाची. सात वर्षं सुकाळ, मग सात वर्षं दुष्काळ, एवढंच स्वप्नातून कळतं. काय करायचं ते स्वप्नात नाही. शहाणा कारभारी नेमा, सुकाळात पाचवा हिस्सा बाजूला काढा, शहरोशहरी कोठारं भरा, हे सगळं योसेफचं डोकं आहे. संकट येणार हे कळणं वेगळं आणि त्यासाठी काय करायचं हे ठरवणं वेगळं.

मराठवाड्याला हे समजावून सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं, मार्च 2016 मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम 144 लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी. पाऊस कमी पडणं आपल्या हातात नव्हतं. पण बरा पाऊस झाला त्या वर्षांत जमिनीखालचं पाणी किती उपसलं, ऊस किती लावला, साठवलं किती, हे सगळं माणसांनीच ठरवलेलं होतं. आपल्याला स्वप्नाचीही गरज नव्हती. दुष्काळ फिरून येतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. कमी होती ती पाचवा हिस्सा बाजूला काढणाऱ्याची.

चौथी गोष्ट प्रवचनांत सहसा येतच नाही. सत्तेचाळिसावा अध्याय उघडून बघा. दुष्काळ लांबतो. योसेफ धान्य फुकट वाटत नाही, विकतो. लोकांचे पैसे संपतात, तेव्हा गुरंढोरं घेतो. ती संपतात, तेव्हा जमिनी घेतो, आणि शेवटी लोक स्वतःलाच फारोचे दास करून देतात. फक्त पुरोहितांच्या जमिनी सुटतात. लोक म्हणतात, तुम्ही आमचे प्राण वाचवले. खरंच वाचवले. पण पुढच्याच पुस्तकात योसेफला न ओळखणारा नवा फारो येतो आणि योसेफच्याच वंशजांना वेठीला धरतो. सगळ्या देशाला दास करता येतं, हा धडा त्या राज्याला कोणाच्या कारभारात मिळाला होता? ग्रंथ या व्यवस्थेला देवाची आज्ञा म्हणत नाही. देवाने पाठवलेला माणूससुद्धा निवड करतो, आणि ती चुकूही शकते.

शेजारी आपलं 1972 ठेवून बघा. तोही भयंकर दुष्काळ. खडी फोडणारे हात आणि सुकडी आपल्या वडीलधाऱ्यांना आठवते. पण त्या अनुभवानंतर महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 मध्ये कायदा झाला, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. भुकेल्याने जमीन विकू नये, त्याने काम मागावं आणि सरकारने ते द्यावं. अंमलबजावणीत भ्रष्टाचार झाला, आपण सगळे जाणतो. तरीही तत्त्व म्हणून ही निवड योसेफच्या निवडीपेक्षा चांगली होती, असं आम्ही बेधडक म्हणतो.

आता एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. याच पुस्तकात देवाने अब्राहामाला आधीच सांगून ठेवलं होतं की तुझे वंशज परक्या देशात 400 वर्षं दास होतील. मग भाऊ नुसती बाहुलीच ना? आमचं उत्तर असं. तिथे मुक्काम सांगितलाय, रस्ता नाही. देशाचं नावही नाही. अब्राहाम स्वतः दुष्काळात मिसरला गेला होता, त्याला कोणी विकलं नव्हतं. कुटुंब तिकडे भावाला न विकताही जाऊ शकलं असतं. हे उत्तर सगळी गाठ सोडवतं असं नाही. यहुदी परंपरेनेही ती कधी पूर्ण सोडवली नाही. सगळं देवाला आधीच दिसतं आणि माणसाला मोकळीकही आहे, ही दोन्ही मतं रब्बींनी शेजारी शेजारी ठेवली, आणि एकासाठी दुसरं टाकून दिलं नाही.

परत किल्लारीला येऊ. भूकंप कोणी निवडला नव्हता. तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण आदल्या वर्षी, 1992 मध्ये, तिथे छोटे धक्के जाणवले होते. आणि माणसं बहुतेक मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. इशारा होता, त्यावर काय करायचं ते ठरलं नव्हतं. अशा वेळी बाहेरून आलेला माणूस ‘देवाची इच्छा’ म्हणतो, तेव्हा तो भिंतीचा प्रश्न मिटवून टाकतो. ईयोबाचे मित्र हेच करत होते. देवाची बाजू घेऊन दुःखाची कारणं सांगत होते. त्या ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

पण त्या म्हातारीचं वाक्य? ते आम्ही खोडणार नाही. तिने आपल्या माणसांना माती दिली, पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, नातवंडं वाढवली आणि मग मागे वळून म्हटलं, देवाच्या मनात होतं. विहिरीत पडलेल्याला हे म्हणायचा हक्क आहे. काठावर उभ्या असलेल्यांनी आधी दोर सोडायचा असतो.

इथे थांबतो. ज्यांना सत्तेचाळिसाव्या अध्यायाबद्दलचं आमचं मत पटलं नसेल, त्यांनी आधी प्रश्न विचारावेत.