परवानगी, संमती आणि नकार

‘परवानगी’चे मराठी पर्याय समानार्थी मानले जातात, प्रत्यक्षात प्रत्येकात निराळा सत्तासंबंध गृहीत असतो. फारसी ‘परवाना’शी निगडित ‘परवानगी’ लेखी अधिकारपत्राची आठवण देते. ती वरून खाली येते. ‘अनुमती’ आणि ‘संमती’ एकाच ‘मन्’ धातूच्या. परंतु ‘अनु’ मागून जातो, ‘सम्’ एकत्र आणतो. राजीखुशी सांगणारा अरबी शब्द मराठीत ‘रजा’ झाला. जर्मन ‘उरलाउब’ही परवानगीकडून सुट्टीकडे सरकला.

या अर्थच्छटांचे व्यवहारातील मोल शहापूर-मुरबाडमध्ये दिसते. शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा योग्य स्तरावरील पंचायतीशी ‘विचारविनिमय’ सांगितला आणि गौण खनिजांच्या परवान्यांसाठी त्यांची ‘शिफारस’ अनिवार्य केली. २०१३च्या भूसंपादन कायद्यात ‘पूर्वसंमती’ आली. विचारविनिमयात नकार नोंदवला जातो. संमतीच्या तरतुदीत तो निर्णायक ठरतो. ‘ग्रामसभेची परवानगी घेतली’ हे सैल विधान हे तिन्ही अधिकार एकाच शब्दाखाली झाकते. ज्या शब्दात नकाराला जागा नाही, त्यातील होकारालाही अर्थ उरत नाही.